अर्धी पायली

आमच्या घरच्या पायलीला दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. माझी सासू होती तोवर ती मोजायची, ती गेली त्या दिवसापासून मी मोजते. धान असो, चणा असो, जवस असो, पायली भरायची, काठावरून हात फिरवायचा, वरचं पाडून टाकायचं, अन् पहिलीला 'लाभ' म्हणून पुढं दोन, तीन, चार. मोजताना मधी कोणी बोललेलं मला खपत नाही. गुणवंतराव, म्हणजे आमचे मालक, लग्नानंतर एकदा बोलले होते. मी सगळं ओतून पुन्हा लाभापासून मोजायला बसले, तेव्हापासून ते पायली पाहिली की अंगणात जातात.

म्हणून आचलनं वाटीभर चणा अन् वाटीभर जवस शाळेत न्यायला मागितला तेव्हा मी डब्याचं झाकण उघडायच्या आधी विचारलं, कशाले पाहिजे. तर म्हणे, मॅडमनं आणायला सांगितलं.

आचल माझी नात, तिसरीत आहे. तिचे मायबाप वरोऱ्याला कापसाच्या जिनिंगवर कामाला, म्हणून पोरगी माझ्याजवळ. दिव्यानी मॅडमही वरोऱ्याकडचीच, पावसाळ्यानंतर आमच्या गावच्या शाळेत लागून आली. ती आली अन् पोरांचं घरातून वस्तू नेणं सुरू झालं. आधी मूठभर मीठ नेलं. मग फुगे. मग देवाजवळचा कापूर. एके दिवशी बर्फ. आता बर्फ सावली गावच्या बाजारापर्यंत मासे नेणाऱ्यांच्या पेटीत असते, बाकी गावात कुठं आहे? पोरं इस्तारी ढिवराच्या पेटीतून खडे घेऊन ओंजळीत धरून पळत गेली. शाळेत पोचेपर्यंत अर्ध्याचं पाणी झालं होतं. मॅडम म्हणे, छान, मला हेच पाहिजे होतं. पाणी पाहिजे होतं तर शाळेत नळ आहे.

मी आचलला रोज विचारायची, आज काय केलं. एक दिवस म्हणाली, अगरबत्ती एका कोपऱ्यात लावली अन् सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले, ज्याला वास येईल त्यानं हात वर करायचा. वास कसा चालत येतो ते शिकवून राह्यल्या म्हणे. डोळे मिटायला सांगणाऱ्या माणसावर मी जन्मात भरवसा ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मीठ पाण्यात टाकलं, दिसेनासं झालं, मग ते पाणी ताटात ओतून उन्हात ठेवलं तर पाणी उडून गेलं अन् मीठ परत आलं. मी विचारलं, परत आलेलं मीठ कोणाच्या घरी गेलं? तिला उत्तर माहीत नव्हतं, म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणजे सांगण्यासारखं नव्हतं.

आता चणा अन् जवस. शाळेत सव्वीस पोरं. घरोघरची वाटी वाटी धरली तर भरलं टोपलं होते. अन् शाळेत खिचडी रांधायला कोण आहे, तर चंदाबाई.

हे नाव आलं म्हणजे मागची गोष्ट सांगावी लागते.

चंदाबाई इस्तारी ढिवराची बायको. इस्तारी वैनगंगेवर अन् गावच्या तलावात मासे धरतो. चंदाबाई वीस वर्षं आमच्या घरी दाणा पाखडायला, निवडायला, बी तयार करायला यायची. सकाळी शाळेची खिचडी केली की दुपारून आमच्याकडं. तिच्या हाताखालून गेलेल्या तांदळात खडा सापडला नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते.

दिवाळी झाली, धान कापलं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ओल होती. आम्ही दरवर्षी त्या ओलीवर चणा अन् जवस मिसळून फेकतो. मी माझ्या हातानं चार पायली चणा मोजला, दोन पायली जवस मोजला, ओसरीवर ढीग घातला अन् चंदाबाईला म्हटलं, मिसळून ठेव. मी सावलीला गेले, डोळ्याच्या दवाखान्यात. परत आले तर ती निघून राह्यली होती, अन् तिच्या काखेत गाठोडं होतं.

मिसळलेलं बी कोणी पुन्हा मोजत नाही. मिसळलं की टोपल्यात घ्यायचं अन् फेकायचं. माझ्या सासूनं कधी मोजलं नाही, तिच्या सासूनंही मोजलं नसेल. पण ते गाठोडं माझ्या डोळ्यासमोरून हलेना. मी पायली काढली अन् मोजायला बसले. चार अन् दोन सहा. भरली साडेपाच. पुन्हा मोजलं. साडेपाच.

मी सकाळपर्यंत थांबले नाही. चंदाबाई बोरिंगवर पाणी भरत होती, चार बाया उभ्या होत्या, सोमारी होती, सीता होती. मी तिथंच विचारलं, माझी अर्धी पायली कुठी आहे. तिनं घागर खाली ठेवली. घरी जाऊन ते गाठोडं घेऊन आली अन् सगळ्यांसमोर सोडलं. आत जाळं शिवायचं सूत होतं. मी म्हटलं, सूत तर आता भरलं असन.

ती एवढंच म्हणाली, "बाई, मी नाई घेतलं." घागर उचलली अन् गेली. त्या दिवसापासून माझ्या ओसरीवर आली नाही. मी बोलावलंही नाही. चोरानं रुसावं अन् धन्यानं समजूत काढावी, असं आमच्या घरी चालत नाही.

पण गावात शब्द फिरला. माझा शब्द फिरतो. माघ लागेपर्यंत लोक म्हणू लागले, जी रुखमाबाईच्या, म्हणजे माझ्या, ओसरीवरून नेते ती शाळेच्या कोठीतून नेत नसेल कशावरून. खिचडीचं काम दरवर्षी शाळेची समिती ठरवते, अन् नातीमुळं मी त्या समितीत आहे. समितीचा अध्यक्ष हेमराज घरी येऊन सांगून गेला की शनिवारी बैठक आहे, तुमचं म्हणणं असन तर चंदाबाईले बंद करून टाकू. त्याच्या वहिनीचा त्या कामावर डोळा आहे, हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, पाहू. इस्तारीचे मासे कधी लागतात कधी नाही, शाळेचं काम गेलं तर त्या घरात चूल कशावर पेटेल, हेही मला माहीत होतं. पण ते तिनं आधी पाहायचं होतं.

तर अशा वेळी मॅडमनं नेमका चणा अन् नेमका जवस मागितला. मला काही शंका राहिली नाही. पोरांकडून दाणा शाळेत यायचा, शाळेतून कोठीत, कोठीतून चंदाबाईच्या घरात. मॅडम अन् ती दोघी मिळून. मी आचलला दोन्ही वाट्या काठोकाठ भरून दिल्या, वरून हात फिरवला, अन् गुरुवारी तिच्या मागं मागं शाळेत गेले. समितीची बाई आहे, मला कोण अडवणार.

मॅडम पोरगीच आहे, पंचविशीची असेल. मला पाहून तिनं खुर्ची दिली. मी घेतली नाही, दाराजवळ भिंतीला टेकून खालीच बसले, तिथून कोठीचं दारही दिसते.

आधी तिनं पाण्याची बादली घेतली. एका ग्लासात कागदाचा बोळा घट्ट कोंबला, ग्लास पालथा केला अन् सरळ बादलीत बुडवला. पोरांना विचारलं, कागद भिजला का? सगळे ओरडले, भिजला. तिनं ग्लास बाहेर काढून बोळा रोशन नावाच्या पोराच्या हातात दिला. कोरडा. मी उठून गेले अन् बोळा हातात घेऊन पाहिला. खरंच कोरडा होता. ती म्हणे, ग्लासात आधीच हवा भरली आहे, पाणी कुठं शिरेल? हवाही जागा अडवते. मी पुन्हा जागेवर बसले. बाजारात दोरी कापून जोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग दाणा. तिनं कोणाच्या घरचा किती, असं काही विचारलं नाही, सगळ्यांचा चणा एका घमेल्यात अन् जवस दुसऱ्या घमेल्यात घेतला. माझ्या मापाची वाटी त्यात गेली ती गेलीच. पारदर्शक प्लास्टिकची बरणी घेतली, त्यात दोन ग्लास चणा ओतला अन् जिथपर्यंत आला तिथं लाल पेनानं रेघ मारली. मग तो काढून टाकला. आता एक ग्लास चणा टाकते अन् एक ग्लास जवस, म्हणे, कुठपर्यंत येईल? पोरं म्हणाली, रेघेपर्यंत. ती माझ्याकडं वळली.

"आजी, तुम्हाले काय वाटते?"

"एक अन् एक दोन," मी म्हटलं. "वरोऱ्याले वेगळे होतात का?"

पोरं हसली. तीही हसली. मग एका पोरीकडून चण्याचा ग्लास भरवला, एका पोराकडून जवसाचा. मी पाहत होते, काठावरून हात फिरवला का. फिरवला. झाकण लावून बरणी पोरांच्या हातात दिली अन् ज्यानं त्यानं हलवत पुढं द्यायची. सव्वीस हातांतून फिरून बरणी टेबलावर आली. दाणा रेघेच्या दीड बोट खाली होता.

रोशननं बरणीच्या खाली हात घालून पाहिलं, सांडलं का. काही सांडलं नव्हतं. मॅडमनं विचारलं, कमी कसं झालं, कुठं गेलं?

आचलनं हात वर केला. माझी नात उत्तर देणार म्हणून मी पाठ ताठ केली.

"मॅडम, चंदाबाईनं नेलं असन."

पोरगी चेष्टा करत नव्हती. मॅडमनं विचारलं, काऊन गं? तर आचल पाढे म्हणावे तशी म्हणाली, "आजी म्हंते. मिसळलं अन् कमी भरलं म्हणजे चंदाबाईनं नेलं."

चंदाबाई दारात उभी होती. रोज या वेळी ती किती ताटं लागतील ते विचारायला येते. तिच्या हातात मोठा चमचा होता, पदर खोचलेला होता. मी तिच्या पायांपासून हातभर अंतरावर बसले होते. तिनं खाली पाहिलं नाही अन् मी वर पाहिलं नाही.

मॅडम पोरांना म्हणाली, चंदाबाई तर आता आली. बरणी कोणाकोणाच्या हातात होती? पोरं म्हणाली, आमच्याच. झाकण कोणी उघडलं? कोणी नाही. मग शोधा, म्हणे, बरणीतच कुठंतरी असेल.

पोरांनी बरणी घेरली. रोशन टेबलावर हनुवटी टेकून एक डोळा मिटून पाहत होता. तोच ओरडला की जवस चण्याच्या मधात घुसून बसला. मग सगळ्यांना दिसलं. चण्याला चणा लागतो तरी मधी पोकळी राहते, अन् चपटा बारीक जवस त्या पोकळीत शिरतो. मॅडमनं सांगितलं, कमी काही झालं नाही, जागा कमी लागली. जगात जे जे आहे, दगड, पाणी, हवा, ते असंच बारीक बारीक कणांचं असते अन् कणांच्या मधी जागा असते. मीठ पाण्यात दिसेनासं झालं ते असंच शिरलं. पोरं माना हलवत होती. मी हलवली नाही.

"आज किती ताटं, मॅडम?" चंदाबाईनं विचारलं.

"सव्वीस."

ती गेली. पोरांनी चाळणीनं दाणा वेगळा केला, ज्याच्या त्याच्या वाटीत भरला अन् दप्तरात टाकला. आचलच्या दोन्ही वाट्या काठोकाठ होत्या. कोठीत एक दाणा गेला नाही. मी शेवटपर्यंत बसून पाहिलं.

घरी येताना वाटेतच माझ्या लक्षात आलं की हे त्या दोघींनी ठरवून केलं. नाहीतर शनिवारी बैठक अन् गुरुवारी चणा-जवस? अन् नेमकी त्याच वेळी चंदाबाई दारात? प्लास्टिकची बरणी, तिचं बूड कसं आहे कोणी पाहिलं? ग्लास तिचे, रेघ तिची. मी मॅडमच्या ग्लासावर विश्वास ठेवणारी बाई नाही.

शुक्रवारी आचल शाळेत गेली. मी गुणवंतरावांना ओसरीवरून उठवून अंगणात बसवलं अन् आतून दार लावलं. माझी पायली, माझा चणा, माझा जवस. खाली धुतलेली चादर अंथरली, कोपऱ्यात उंदराचं बीळ आहे ते विटेनं बंद केलं. लाभ, दोन, तीन, चार. ढीग घातला. लाभ, दोन. त्यावर जवस. मी स्वतः दोन्ही हातांनी मिसळला, चंदाबाई मिसळायची तसा, खालून वर, खालून वर. मग मोजला.

साडेपाच.

पायलीचं बूड पाहिलं. चादर झटकली. चौथ्यांदा मोजून साडेपाचच भरली तेव्हा मी दार उघडून गुणवंतरावांना म्हटलं, खिसे दाखवा. त्यांनी दोन्ही खिसे बाहेर काढले. तंबाखूच्या खर्ऱ्याची पुडी होती. मला विचारलंही नाही कशासाठी.

मग चाळणी घेतली. वर चणा राहिला, खाली जवस पडला. चणा मोजला, चार पायली, काठोकाठ. जवस मोजला, दोन पायली. एक दाणा इकडचा तिकडं नाही. घरात मी एकटी होते अन् दाराला कडी होती.

गुणवंतराव आत आले, दोन ढीग पाहिले, चाळणी पाहिली. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते लगेच बाहेर निघाले. दारातून म्हणाले, बांधीवर जाऊन येतो. मी म्हटलं, मी बी येते.

चण्याला घाटे धरले होते. मधून मधून जवस निळा फुलला होता. पाय ठेवायला जागा नाही इतकं दाट. मला आठवलं, चणा हातभर झाला तेव्हा याच बांधावर हे म्हणाले होते, अर्धी पायली कमी पेरून एवढं दाट कसं गं? अन् मी म्हटलं होतं, जमीन माझ्या सासऱ्यानं कमावलेली आहे, म्हणून. आता ते काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं माझ्या मोजण्यात न बोलायची सवय झालेला माणूस. मला वाटलं, एखादा शब्द बोलावा यांनी, म्हणजे मला कोणावर तरी डाफरता येईल.

शनिवारपर्यंत मी मनाशी ठरवलं. बैठकीत म्हणायचं, चंदाबाईच राहू द्या, पोरांना तिच्या हातची चव लागली आहे. एवढं पुरे. काम तिचं राहील, माझं तोंड माझं राहील. पायली अन् जवस कशाला काढायचा? बोरिंगवरचं बोलणं लोक विसरतात. मी विसरत नाही, पण लोक विसरतात.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात होती. हेमराजनं विषय काढला. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ठरवलं होतं तसंच बोलले. हेमराजचं तोंड उतरलं, तो म्हणाला, बाई, तुमीच तर... मी म्हटलं, म्हटलं ना, राहू द्या. बाकीच्यांना घरी जायची घाई होती, ते म्हणाले, ठीक. मॅडम लिहायला लागली.

चंदाबाई भांडी घासत होती. तिनं हात पुसले अन् व्हरांड्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली.

"बाई, काऊन राहू द्या?"

"रांधतेस चांगलं म्हणून."

"रांधणं तर मागच्या महिन्यात बी चांगलंच होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "मी चोर असन तर आजच काढा, मी भांडी घासून किल्ली देऊन जातो. नसन तर जिथी चोर म्हटलं तिथी जाऊन सांगा. तुमच्या दयेची खिचडी मले नाई रांधाची."

हेमराज म्हणाला, चंदाबाई, काम राहून राह्यलं ना, मग कशाला वाढवते. ती त्याच्याकडं वळली नाही. मॅडमनं लिहिणं थांबवलं होतं. ती मान खाली घालून वहीकडं पाहत होती, अन् मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या पोरीनं काही ठरवलं नव्हतं. ठरवून करणारं माणूस अशा वेळी समोरच्याच्या तोंडाकडं पाहते.

वीस वर्षांत चंदाबाई माझ्याशी एवढं बोलली नव्हती. खरं सांगते, मला राग आला. आयतं मिळालेलं काम घ्यावं अन् गप बसावं, तर ही पायरीवर उभी राहून अटी सांगते. मग वाटलं, तिच्या जागी मी असते तर किल्ली तोंडावर फेकून गेले असते, भांडी घासायला थांबले नसते.

मी उठले. घरी गेले, पायली घेतली, गुणवंतरावांच्या डोक्यावर चणा अन् जवसाचं टोपलं दिलं, अन् बोरिंगवर गेले. चाळणी आचलनं घेतली. समितीचे लोक मागं मागं आले, बैठकीपेक्षा इथं गंमत जास्त होती. संध्याकाळचं पाणी भरायची वेळ, बाया होत्याच. चंदाबाई घागरीच्या ओट्याला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

मी चादर अंथरली. चार मोजला, दोन मोजला, मोठ्यानं. मिसळायला सोमारीला बसवलं, कारण त्या दिवशी सोमारीनंच सगळ्यात आधी हाय हाय केलं होतं. तिच्या हातात नुसत्या बांगड्या होत्या, लपवायला जागा नव्हती. मिसळून झालं, मी मोजलं. साडेपाच भरली. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. सीता सोमारीकडं पाहून लगेच म्हणाली, कुठी घातलं गं? सोमारी रडकुंडीला आली. बघा, किती लवकर होते ते.

मग मी चाळणी घेतली. चार पुन्हा चार झाला, दोन पुन्हा दोन.

"अर्धी पायली चंदाबाईनं नेली नव्हती," मी म्हटलं. "चण्याच्या मधात होती. मले मोजता आलं, पाहता आलं नाई. मी चुकली."

असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं. बोरिंगचं पाणी घागरीतून उतू गेलं, सीतानं दांडा सोडला. आचल मधीच म्हणाली, आजी, मॅडमनं सांगतलंच होतं. तिला मी घरी गेल्यावर पाहिलं.

चंदाबाईनं हाताची घडी सोडली. घागर भरायला तिचा नंबर होता, ती भरून घेतली, कमरेवर घेतली.

"ऐकलं," एवढं म्हणून गेली.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी येईल. आली नाही. खिचडी करत होती, मला वाटेत दिसली की बाजूनं निघून जायची. फागुन लागला, चणा वाळला, सोंगून खळ्यावर आणला, मळून झाला. चणा अन् जवस मिसळलेला ढीग पडला होता अन् तो चाळायला, पाखडायला चंदाबाईसारखा हात गावात दुसरा नाही. दोन बाया लावून पाहिल्या. एकीनं अर्धा जवस भुश्यात उडवला. गुणवंतरावांना मी म्हटलं, इस्तारीला सांगा. ते म्हणाले, तूच सांग.

मी गेले तिच्या दारात. इस्तारी जाळं वाळत घालत होता, तो उठून आत गेला. मी उभ्या उभ्या म्हटलं, खळं पडलं आहे. ती मिरच्या निवडत होती. हातातली मिरची निवडून ठेवली. मग म्हणाली, येईन, पण पायलीवर येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आली तर तिच्या हातात इस्तारीचा काटा होता, मासे तोलायचा, वर आकडा अन् खाली हूक असलेला. खळ्यावरच्या बाभळीच्या फांदीला तिनं तो टांगला. मासळीचा वास सुटला होता. माझ्या खळ्यावर मासे तोलायचा काटा, सासू असती तर तिनं फांदीच तोडून टाकली असती. चंदाबाई म्हणाली, काट्यावर चणा अन् जवस मिसळला तरी तेवढाच अन् वेगळा केला तरी तेवढाच, मॅडमनं शाळेत पोरांकडून तोलवून पाह्यलं. आता तुमच्या घरचं जे माझ्या हाताखालून जाईन ते येताना तोलीन अन् जाताना तोलीन.

माझ्या पायलीवर गावात कोणी असं बोललं नव्हतं. मी म्हटलं, तोल.

तिनं आधी रिकामा काटा टांगून पाहिला, सुई बरोबर जागेवर आहे की नाही. एकदा पाहिली, बोटानं टिचकी मारून पुन्हा पाहिली. मी पण वाकून पाहिली. मग तिनं टोपलं भरलं, हूकाला अडकवलं अन् थांबली.

"बाई, टोपल्याचं वजन बी लागते. आधी टोपलं रिकामं तोलू."

मी टोपलं काढलं, माझ्या हातानं रिकामं केलं अन् तिला दिलं.